विधिमंडळ सदस्यांस खुले पत्र : कायद्याने दिलेले प्रत्येक वेळी न्यायालयातून का मिळवावे लागते?

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता तेव्हा राज्यभरातून जे मोर्चे या शहरात दाखल होतात, त्यांत दिव्यांगांचेही मोर्चे असतात. पोलिसांच्या कठड्यांपाशी ते थांबवले जातात, चार-पाच जणांना शिष्टमंडळ म्हणून आत नेले जाते, निवेदन स्वीकारले जाते, आणि तीनचाकी सायकलींवरून, कुबड्यांवरून किंवा कुणाचा तरी हात धरून आलेली माणसे डिसेंबरच्या थंडीत रात्रीच्या गाड्या पकडायला निघतात. अशा निवेदनांचे मसुदे मी अनेक वर्षे लिहिले आहेत. यंदा मसुदा लिहिणार नाही असे मी माझ्या सहकाऱ्यांना कळवले आहे. निवेदन एका फाइलीत जाते आणि त्याचे पुढे काय झाले हे ते देणाऱ्याला कळत नाही, त्याच्या गावालाही कळत नाही. म्हणून या वेळी जे सांगायचे आहे ते सर्वांना वाचता येईल असे उघडपणे लिहीत आहे.

मी नागपुरात वकिली करते. भंडारा जिल्ह्यातील एका गावात लहानपणीच मला पोलिओ झाला. पायांना कॅलिपर आणि हातात कुबड्या घेऊन मी शाळा आणि कॉलेज पूर्ण केले. आता खांदे साथ देत नाहीत म्हणून व्हीलचेअर वापरते. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला त्या सुमारास मी कायद्याची विद्यार्थिनी होते, आणि संसदेने आपल्यासारख्यांविषयी काही लिहून ठेवले आहे या आनंदात मी त्याची प्रत पुनःपुन्हा वाचली होती. सनद मिळाल्यानंतर ज्या ज्येष्ठ वकिलांकडे मी उमेदवारी केली त्यांच्याकडे जमिनीचे आणि भाडेकरूंचे दावे असत. दिव्यांगांची कामे मी शोधत गेले नाही. वरचे मजले चढता येत नसल्यामुळे मी तळमजल्यावर टेबल टाकून बसत असे, आणि ज्यांना जिना चढणे शक्य नव्हते असे पक्षकार त्या टेबलापाशी येऊन थांबत. माझी वकिली कोणत्या दिशेला जाणार हे असे ठरत गेले.

त्या टेबलापाशी कोण येते हे आपणास ठाऊक असावे. अपघातात पाय गमावलेला बसचालक येतो. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकू नये, त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पदावर ठेवावे, असे १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २० मध्येही आहे. तरी त्याच्या हातात सेवासमाप्तीचे पत्र असते. दृष्टिहीन शिक्षक येतो. चेकबुक, एटीएम, लॉकर यांपैकी कोणतीही सुविधा दृष्टिहीन ग्राहकाला नाकारू नये असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये सर्व बँकांना कळवले, तरी सोबत डोळस माणूस आणल्याशिवाय काम होणार नाही असे त्याला खिडकीवर सांगितले गेलेले असते. लेखनिक नाकारलेली विद्यार्थिनी येते. विकाश कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले आहे की ज्याला लिहिण्यात अडचण आहे त्याचे अपंगत्व ४० टक्के भरत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येत नाही; तरी परीक्षा दोन दिवसांवर आलेली असताना ती रडकुंडीला येऊन बसलेली असते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाची आई येते, जिला शाळेने विशेष शिक्षक नाही एवढ्या एका वाक्यात परत पाठवलेले असते.

यांतील एकाही प्रकरणात कायदा संदिग्ध नसतो. मला न्यायालयापुढे नवा मुद्दा मांडावा लागत नाही, जे राजपत्रात छापलेले आहे ते वाचून दाखवावे लागते. पण ते वाचून दाखवण्यासाठी नोटीस, याचिका, शपथपत्र, वकालतनामा, प्रत्येक पेशीचा प्रवास आणि त्यात जाणारी वर्षे, हा सगळा भार अशा माणसाच्या अंगावर पडतो ज्याला घराबाहेर पडण्यासाठीही दुसऱ्याची सोय पाहावी लागते. ज्या हक्कासाठी प्रत्येकाला स्वतंत्रपणे वकील करावा लागतो, तो हक्क राज्याने दिला आहे असे मला म्हणता येत नाही. या पत्रातील प्रत्येक तक्रार याच एका म्हणण्यापाशी येऊन पोहोचते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण माझ्या कार्यालयातले आहे. माझ्याकडे काम करणाऱ्या एका दृष्टिहीन ज्युनिअरने अलीकडे वकिली सोडली. तिला न्यायाधीश व्हायचे होते. मध्य प्रदेशातील एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात, ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळणारा त्या राज्याचा नियम रद्द केला, तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. त्यानंतर २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. त्या अटीमागचा हेतू मला समजतो आणि अनुभवाचे मोल मी जाणते. परंतु दृष्टिहीन मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होतो की ज्या न्यायालयांत तिला कागद वाचता येत नाही, त्याच न्यायालयांत तिने आधी तीन वर्षे टिकून दाखवायचे आहे.

ती कागद का वाचू शकत नव्हती हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या अडचणीची कल्पना बहुतेकांना नसते. दृष्टिहीन वकील संगणकावर स्क्रीन रीडर वापरतो. पडद्यावरचा मजकूर ते सॉफ्टवेअर बोलून दाखवते. ई-फायलिंग आले तेव्हा आम्हाला वाटले होते की आता फाइल कुणाकडून वाचून घेण्याची गरज संपली. प्रत्यक्षात जे दाखल होते ते बहुतेक वेळा टंकलेल्या कागदाचे स्कॅन केलेले चित्र असते आणि त्या चित्रात संगणकाला अक्षरे सापडत नाहीत. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरे वाचत सुटतो. सातबारा, फेरफार, पोलिसांचा पंचनामा, वैद्यकीय दाखला हे तर हस्ताक्षरातलेच असतात. समोरच्या पक्षाचे उत्तर सुनावणीच्या सकाळी हाती पडे, डोळस वकील ते बाररूममध्ये उभ्याउभ्या चाळून घेत, आणि ही मुलगी ते वाचून दाखवायला कुणी मोकळे आहे का याची विचारणा करत फिरे. तिची तयारी कमी पडत नव्हती आणि पक्षकारांचा तिच्यावर विश्वास होता. पण घरी पैसे पाठवायचे होते, आणि एका पानासाठी रोज दुसऱ्याचे तोंड पाहण्याचा तिला वीट आला. तिने बँकेतील नोकरी पत्करली. तिचा निर्णय मला मान्य आहे; ज्या परिस्थितीत तो घ्यावा लागला ती मला मान्य नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १२ सांगते की न्यायालयात व न्यायाधिकरणात दाद मागण्याचा हक्क दिव्यांगांना भेदभावाविना वापरता यावा, सार्वजनिक कागदपत्रे त्यांना वापरता येतील अशा स्वरूपात असावीत, आणि कागदपत्रे दाखल करून घेणाऱ्या विभागांकडे त्यासाठीची साधने असावीत. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. म्हणजे माझ्या ज्युनिअरने वकिलीत पाऊल टाकले त्याच्या कितीतरी आधीपासून तो हक्क तिच्या नावावर लिहिलेला होता.

आता इमारतींविषयी. अधिनियमाच्या कलम ४५ नुसार अस्तित्वातील सर्व सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या. केंद्राचे नियम १५ जून २०१७ रोजी आले, तेव्हा ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. कलम ४४ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाच देता येत नाही. तरीही विदर्भातल्या तालुक्यांच्या ठिकाणी मी जेव्हा कामासाठी जाते, तेव्हा नव्याने रंगवलेल्या इमारतीतही इतका उभा रॅम्प भेटतो की त्यावरून व्हीलचेअर ढकलायला दोन माणसे लागतात, आणि स्वच्छतागृहाचे दार खुर्चीपेक्षा अरुंद असते. दिवसभर न्यायालयात थांबायचे असेल तर मी सकाळपासून पाणी पीत नाही. विदर्भाच्या एप्रिल महिन्यात याचा अर्थ काय होतो हे येथील सदस्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. एका ठिकाणी माझा अशील आणि मी, दोघेही वरच्या मजल्यावर जाऊ शकत नव्हतो. न्यायाधीश स्वतः खाली उतरून आले आणि लिपिकाच्या खोलीत त्यांनी साक्ष नोंदवून घेतली. त्यांचे माझ्यावर ऋण आहे. पण त्या जागी दुसरे न्यायाधीश असते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर कुणाच्या स्वभावावर अवलंबून असू नये.

आणि हे करता येत नाही असे कुणी म्हणू नये, कारण करता येते याचा पुरावा याच शहरात उभा आहे. २०१९ पासून धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहे, पायाने किंवा काठीने ओळखता येणारी पट्टी आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. कस्तुरचंद पार्क स्थानकापर्यंत मी कुणाच्याही मदतीविना येते. स्थानकाच्या बाहेर पडल्यावर पदपथ मध्येच तुटतो, दुचाकी वर चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, आणि मला भर रहदारीत रस्त्यावर उतरावे लागते. एकाच शहरात, काही मीटरच्या अंतरात, एक संस्था कायदा पाळते आणि दुसरी पाळत नाही. पाळला नाही म्हणून कुणाला जाब द्यावा लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

राजीव रतुरी या दृष्टिबाधित कार्यकर्त्यांनी रस्ते, वाहने आणि इमारतींच्या सुगमतेसाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर २०१७ मध्ये तीवर सविस्तर निर्देश आले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, आणि या वेळी केंद्राच्या नियमांतील नियम १५ मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवून, शिफारसवजा मार्गदर्शक सूचनांऐवजी बंधनकारक किमान मानके तीन महिन्यांत ठरवा असे सांगावे लागले. रॅम्पसाठी सुरू झालेल्या लढ्याला वीस वर्षे उलटली. त्या काळात आमच्यातली कितीतरी माणसे शिकायची, नोकरी करायची, न्याय मागायची राहून गेली.

यापेक्षाही मला अधिक अस्वस्थ करणारी तक्रार पोलीस ठाण्यापासून सुरू होते. काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका गावातील कर्णबधिर तरुणीवर अत्याचार झाला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांशी ती ज्या खुणांनी बोलत असे त्या घरच्यांनाच कळत. ठाण्यात तिला बाकावर बसवून तिच्या वतीने जे सांगितले ते एका नातेवाइकाने सांगितले, आणि जबाब त्याच्या शब्दांत लिहिला गेला. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये २०१३ पासून अशी तरतूद होती की लैंगिक अत्याचाराची पीडित दिव्यांग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जाऊन, दुभाषी वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत तक्रार नोंदवावी आणि तिचे चित्रीकरण करावे. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. त्या ठाण्यात यांपैकी काहीही झाले नाही. खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी तिच्या पहिल्या जबाबातील विसंगतींवर बोट ठेवले. त्या विसंगती तिच्या सांगण्यात नव्हत्या, दुभाष्यावाचून घेतलेल्या त्या जबाबात होत्या. पण कागदावर नाव तिचे होते. तिच्या वडिलांना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की कायद्यात लिहिलेले होते तर साहेबांनी केले का नाही. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून तोच प्रश्न मी आपल्यासमोर ठेवत आहे.

दिव्यांग साक्षीदाराची साक्ष कमी प्रतीची मानू नये आणि पोलीस, सरकारी वकील व न्यायाधीशांना याविषयी प्रशिक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ च्या पाटण जमाल वली प्रकरणात सांगितले आहे. अधिनियमाच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे, तिच्यावर हल्ला करणे, तिची साधने हिसकावणे हे सहा महिने ते पाच वर्षे कैदेचे गुन्हे आहेत. कलम ८४ प्रत्येक जिल्ह्यासाठी एक सत्र न्यायालय विशेष न्यायालय म्हणून निश्चित करायला सांगते, आणि कलम ८५ तेथे किमान सात वर्षे वकिली केलेला विशेष सरकारी वकील नेमायला सांगते. माझ्या अनुभवात कलम ९२ लावून घेण्यासाठीच आधी लेखी अर्ज, मग वरिष्ठांकडे अर्ज, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज अशी वाट चालावी लागते. विशेष न्यायालय अधिसूचनेत असले तरी तेथपर्यंत प्रकरण पोहोचायला प्रथम गुन्हा नोंदवला जावा लागतो.

माझी पुढील तक्रार अंतराची आहे, आणि ती नागपुरात बसून अधिक तीव्रतेने जाणवते. न्यायालयात न जाता दाद मिळावी म्हणून अधिनियमाने दिव्यांगांसाठी राज्य आयुक्त नेमले. कलम ८२ ने त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले आहेत, आणि कलम ८१ नुसार त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित अधिकाऱ्याने काय केले हे तीन महिन्यांत कळवणे बंधनकारक आहे. ही उत्तम व्यवस्था आहे. गरीब माणसाला याचिकेपेक्षा हीच परवडणारी आहे. पण आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. नागपूरहून पुणे सुमारे सातशे किलोमीटर, आणि भामरागड किंवा सिरोंच्याच्या माणसाला त्याआधी नागपूर गाठायचे असते. ज्या माणसाला बसमध्ये चढता येत नाही हीच ज्याची तक्रार आहे, त्याने ती तक्रार सांगायला राज्याच्या दुसऱ्या टोकाला यावे, ही रचना चुकीची आहे. १९५३ च्या नागपूर करारात शासनाने वर्षातील काही काळ नागपुरात यावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरावे असे ठरले, कारण विदर्भाच्या माणसाला राजधानी दूर पडते हे तेव्हाच्या नेत्यांनी ओळखले होते. त्याच तत्त्वावर आपण दर वर्षी येथे येता. उच्च न्यायालयाचे खंडपीठही येथे आहे. मग ज्यांच्यासाठी अंतर हाच सर्वांत मोठा अडसर आहे, त्यांच्या आयुक्तांनी ठरलेल्या दिवशी नागपुरात बसून सुनावणी का घेऊ नये?

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. मात्र जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांतील काहींची तपासणी करणारे तज्ज्ञ नसतात, म्हणून कुटुंबे गावाकडून शहरात आणि शहरातून पुन्हा दुसऱ्या तारखेला फिरत राहतात. तारखा आधी कळवा आणि तज्ज्ञ नसेल त्या दिवशी माणसाला बोलावू नका, एवढी साधी शिस्त पाळली तरी पुष्कळ हाल वाचतील. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत या आदेशाचेही तसेच आहे. पैसे कशावर खर्च झाले हे माहितीचा अधिकार वापरल्याशिवाय कळत नाही, आणि हिशेब मागणाऱ्यालाच पुढे कार्यालयात त्रासदायक ठरवले जाते.

या क्षेत्रात जे लढले त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि त्यांचा उल्लेख मी अभिमानापोटी करत नाही, तर त्यातून दिसणाऱ्या एका गोष्टीसाठी करते. साधन गुप्ता हे दृष्टिहीन वकील १९५३ मध्ये लोकसभेवर निवडून आले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. दृष्टिहीन ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा यांनी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या वतीने लढवलेल्या प्रकरणात ८ ऑक्टोबर २०१३ रोजी नोकऱ्यांतील आरक्षणाची मोजणी कशी करायची ते ठरले. सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सप्टेंबर २०२३ मध्ये सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांची याचिका एकत्र चालली, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग ठरला. आमच्या नागपूरचे राहुल बजाज येथे कायदा शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि आज याच कामात आहेत. पण या निकालांची नावे वाचा. प्रत्येक नाव अशा व्यक्तीचे किंवा संघटनेचे आहे जिला आधी कुठेतरी नाकारले गेले. दिव्यांग असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरवले गेले आणि निकाल मे २०१६ मध्ये आला. ज्यांच्याकडे इंग्रजी आहे, ओळखी आहेत आणि चार वर्षे थांबण्याचे बळ आहे, त्यांची नावे निकालपत्रांवर येतात. तुमसर, मेहकर किंवा अहेरीच्या माणसाचे नाव तेथे येत नाही; तो खिडकीवरून परत जातो आणि पुन्हा येत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. इतक्या माणसांसाठी इतके वकील कुठून आणायचे?

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आणि आपल्या अधिकारात येणाऱ्या आहेत. त्यांसाठी नवा कायदा नको.

अधिनियमाच्या कलम ८३ नुसार राज्य आयुक्तांचा वार्षिक अहवाल, त्यावर शासनाने काय कार्यवाही केली आणि कोणती शिफारस का नाकारली याच्या निवेदनासह, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवला गेला पाहिजे. हा अहवाल कायद्याने आपल्यासाठी लिहिला जातो. तो पटलावर ठेवला गेला का, कोणत्या वर्षांचा ठेवला गेला, आणि नसेल तर का, हे याच अधिवेशनात विचारा आणि त्यावर चर्चेसाठी वेळ मागा.

प्रत्येक जिल्ह्यात कलम ८४ खालील न्यायालय कोणते, कलम ८५ खालील विशेष सरकारी वकील कोण, कलम ९२ खाली किती गुन्हे नोंदवले गेले आणि किती निकाली निघाले, याची जिल्हानिहाय माहिती तारांकित प्रश्नाद्वारे मागवा आणि ती दर वर्षी प्रसिद्ध करण्याचे आश्वासन घ्या. प्रत्येक पोलीस ठाण्यात सांकेतिक भाषा दुभाष्यांची व विशेष शिक्षकांची यादी आणि त्यांच्या मानधनाची तरतूद असावी. ठाणेदाराला खिशातून पैसे द्यावे लागणार असतील तर दुभाषी येणार नाही.

आयुक्तांची सुनावणी नागपुरात ठरलेल्या वेळापत्रकाने व्हावी, आणि जे नागपूरलाही येऊ शकत नाहीत त्यांना दूरदृश्य पद्धतीने उपस्थित राहण्याचा पर्याय नोटिशीतच दिलेला असावा. त्यासाठी वेगळी विनवणी करावी लागू नये.

शासनाच्या ज्या इमारतींत जनतेचे काम चालते, त्यांची सुगमता तपासणी करून अहवाल तालुकानिहाय प्रसिद्ध करा, आणि त्या तपासणीत दिव्यांग व्यक्तींना मानधन देऊन सहभागी करून घ्या. न्यायालयांच्या इमारतींना शासन निधी देते. उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून त्यांचा क्रम आधी लावा. नव्या इमारतीला कलम ४४ डावलून दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्या अहवालात असावे.

शासनाच्या वतीने न्यायालयात दाखल होणारे प्रत्येक उत्तर आणि प्रत्येक शपथपत्र युनिकोडमध्ये टंकलेल्या, मजकूर शोधता येईल अशा स्वरूपात द्यावे. शासन हा या राज्यातील सर्वांत मोठा पक्षकार आहे. त्याने स्वतःपुरते हे केले तरी दृष्टिहीन वकिलांचे अर्धे काम सोपे होईल, आणि यासाठी एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. हे प्रत्येक दिव्यांगत्व प्रमाणपत्रासोबत छापून द्या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते आणि ते दागिने गहाण ठेवून आलेले असतात.

या पत्राची प्रत मी आपल्या कार्यालयांकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. उत्तर लेखी द्यावे, टंकलेले द्यावे, आणि सही-शिक्का असलेल्या कागदाचे छायाचित्र पाठवू नये, म्हणजे ते आमच्यापैकी प्रत्येकाला स्वतः वाचता येईल. ज्या सदस्यांना या विषयावर प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा अर्धा तास चर्चेचा प्रस्ताव द्यायचा असेल, त्यांना लागणारी कलमे, निकालांच्या प्रती आणि मसुदा मी कोणतेही शुल्क न घेता तयार करून देईन. अधिवेशन संपेपर्यंत माझी संध्याकाळची वेळ त्यासाठी राखून ठेवली आहे.

आपली,
नागपुरातील एक दिव्यांग वकील
सिव्हिल लाइन्स, नागपूर